वाटणीतली चिमणी

"वहिनी, म्हैस कुठं बांधलीय?"

टेम्पोवाल्यानं खांद्यावरचं पोतं व्हरांड्यात टेकवलं आणि घाम पुसत मला विचारलं. पोत्याच्या शिवणीतून बोटाच्या पेराएवढ्या तपकिरी कांड्या फरशीवर घरंगळल्या होत्या.

"आत पेपर वाचत बसलीय," मी म्हणाले. "ठेवा तुम्ही."

आतून पेपरची घडी घातल्याचा आवाज आला आणि आमचे हे, म्हणजे आनंदराव, बाहेर आले. ऐकूनही न ऐकल्यासारखा चेहरा करण्यात त्यांचा हात धरणारा साऱ्या पाचगणीत कुणी नव्हता. त्यांनी एक कांडी उचलली, नाकाशी धरली आणि समाधानानं मान हलवली.

"पेंड नाही ही. पेलेट म्हणतात. उसाचं चिपाड, शेंगांची टरफलं, लाकडाचा भुसा, सगळं दाबून करतात. परदेशात घरोघरी हेच जाळतात."

"दिसतीय तर कांडी पेंडच," टेम्पोवाला म्हणाला आणि पुढचं पोतं आणायला गेला.

पोत्यांच्या मागोमाग शेगडी आली. शेगडी कसली, लोखंडी कपाटच ते! पुढं काच, वर पेलेट ओतायला झाकण, मागं पाईपचं भोक आणि बुडाशी विजेची वायर. थंडीत शेकायला आता बटण दाबावं लागणार होतं. मी म्हटलं, चला, देवानं हात दिले ते आता फक्त जपमाळ ओढायला.

बंगल्याचं आधी सांगायला हवं. माझ्या सासऱ्यांनी तो एका पारशी बाईकडून घेतला होता. दगडी भिंती, मंगलोरी कौलं आणि नाव 'फर्न व्हिला'. सासरे गेले आणि वर्षाच्या आत थोरल्या भावानं, सर्जेरावांनी, आवारातलं सिल्व्हर ओकचं झाड धाकट्याला न विचारता तोडून विकलं. झाड गेलं, भांडण मात्र मूळ धरून राहिलं. दोघा भावांचं बोलणं तुटलं, बंगल्याच्या मधोमध भिंत उभी राहिली. खोल्या वाटल्या, आवार वाटलं, नावाचा दगडसुद्धा करवतीनं कापला. त्यांच्या फाटकावर 'फर्न' आणि आमच्या फाटकावर 'व्हिला'. नवा पोस्टमन आला की बिचारा पहिला आठवडा नुसता या फाटकातून त्या फाटकात फिरायचा.

वाटणीला एकच गोष्ट दाद देईना, ती म्हणजे चिमणी. इंग्रजाच्या काळातल्या कुणी शहाण्यानं दोन दिवाणखान्यांच्या दोन फायरप्लेस पाठीला पाठ लावून बांधल्या होत्या आणि दोन्हींचा धूर वर जाऊन एकाच चिमणीत सोडला होता. नवी भिंत नेमकी त्या दोन पाठींच्या मधून गेली. खाली दोन चुली, वर एकच नळी. तिची वाटणी कशी करायची? पण आमच्या घरातली माणसं हरणारी नव्हेत. सर्जेराव भावजींना दमा, त्यामुळं त्यांनी आपल्या बाजूला विस्तव पेटवणं सोडलं होतं. मग पाऊस तरी आत कशाला घ्यायचा, म्हणून त्यांनी छपरावर माणूस चढवला आणि चिमणीच्या तोंडावर पत्रा ठोकला. पण फक्त आपल्या वाटणीच्या अर्ध्या तोंडावर! उरलेलं अर्धं धाकट्याचं, त्यावर आपला हक्क नाही म्हणून उघडं. खालून बघितलं की चिमणी एक डोळा मिटून बसल्यासारखी दिसायची.

माझ्या दृष्टीनं मात्र त्या चिमणीइतकी गुणी वस्तू त्या बंगल्यात दुसरी नव्हती. कारण त्या नळीतून नुसता धूर जात नव्हता, आवाजही जायचा.

भिंत बांधली त्याच महिन्यात मला ते कळलं. मी फायरप्लेसमधली राख काढत होते आणि राखेला, लाकडाला आणि अर्थातच आनंदरावांना शिव्या घालत होते. तेवढ्यात आतून आवाज आला, "शालन, अगं जरा हळू. आमच्याकडं पाहुणे बसलेत."

त्या माझ्या मोठ्या जाऊबाई होत्या, अक्का. लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या बाईनं मला स्वयंपाक शिकवला, बाळंतपणं केली आणि सासूच्या तोंडापासून वाचवलं. भाऊ भांडले आणि आम्हां दोघींना न विचारता आमचंही बोलणं बंद झाल्याचं जाहीर झालं. बायकांना विचारायची पद्धत नव्हतीच म्हणा. झाड तोडताना भावाला विचारलं नाही, तर भिंत बांधताना बायकांना कोण विचारणार?

त्या दिवसापासून दुपारी जेवणं आवरली, हे डोक्यावर पेपर घेऊन कोचावर लवंडले, की मी फायरप्लेसच्या जाळीवर चिमटा दोनदा वाजवायची. पलीकडून अक्का पाटावर बसून ठोका परत द्यायच्या. मग तासभर आमचं राज्य. कुणाची मुलगी कुठं दिली, मुलांची पत्रं काय म्हणतात, गुडघे कसे आहेत, आणि दोघींचे नवरे जगातल्या इतर पुरुषांपेक्षा किती जास्त हट्टी आहेत. या शेवटच्या विषयावर आमचं कधी दुमत झालं नाही. एकदा होळीला मला त्यांच्या हातची पुरणपोळी खायची इच्छा झाली म्हणून अक्कांनी कापडात बांधून काठीनं वरून इकडं ढकलली. पोळी माझ्या हातात आली ती काजळासकट. मी ती तशीच खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत दात घासत बसले.

हे सगळं ह्यांच्या नकळत, हे वेगळं सांगायला नकोच. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी गवंडी आला असता.

आणि आता ती शेगडी त्याच फायरप्लेसमध्ये बसणार होती. तिचा पाईप त्याच नळीत जाणार होता आणि उरलेलं भोक पत्रा ठोकून बंद होणार होतं.

"पण आपल्याला कशाला ही शेगडी?" मी पहिल्या दिवशीच विचारलं होतं. "लाकडं काय वाईट आहेत?"

"धूर होतो."

"कुणाला? आपण दोघंच तर आहोत. मला धुराचं काही नाही, जन्म चुलीपुढं गेला. तुमच्या डोळ्यांत तर कधी पाणी आलेलं मी बघितलं नाही, आईंच्या दिवसालासुद्धा."

"तुला नाही कळायचं," हे म्हणाले. घरात हे वाक्य रोजच्या आमटीइतकं ठरलेलं होतं.

वाईहून शेगडीवाला कुलदीप आला तेव्हा मात्र ह्यांनी त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. "धूर होत नाही ना? अगदी कुठंच नाही? आत नाही, बाहेर नाही, आजूबाजूला नाही?"

"झीरो धूर साहेब," कुलदीप म्हणाला. त्याच्या तोंडात नकार नावाचा शब्दच नव्हता. "एकदा धग धरली की नुसती गरम हवा. शेजाऱ्याला पत्ता लागणार नाही तुम्ही शेकताय म्हणून."

मला वाटलं, हं, म्हणजे हे असं आहे. भावाला पत्ता लागू नये म्हणून एवढा खटाटोप! आपण शेकावं आणि पलीकडच्यानं नुसतं कुडकुडावं.

दुपारी मी जाळीवर चिमटा वाजवला आणि अक्कांना सगळं सांगितलं. पलीकडं पाट जाळीजवळ ओढल्याचा आवाज आला.

"पत्रा ठोकणार म्हणजे अगदी गच्च?" त्यांनी विचारलं.

"गच्च. वर काचेची लोकर का काय ती भरणार."

"मग मी दुपारचं काय करू गं?" अक्का म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, पण मला एकदम रडू फुटलं. तोंडात पदर धरून बसले. पलीकडून त्याही नाक ओढताना ऐकू आल्या. दोन म्हाताऱ्या होऊ घातलेल्या बायका एका राखेच्या खड्ड्यात तोंड घालून रडत होत्या. कुणी बघितलं असतं तर मांत्रिक बोलावला असता.

"तू त्यांना सांग, शेगडी जेवणाच्या खोलीत बसवा," अक्का सावरून म्हणाल्या. "पाईप खिडकीच्या बाजूनं भिंतीतून काढा म्हणावं."

मी सांगितलं. अगदी गोड बोलून सांगितलं. तेव्हाच ह्यांना संशय यायला हवा होता.

"जेवणाच्या खोलीत बरं पडेल. भिंतीला एक भोक पाडलं की पाईप सरळ बाहेर. कुलदीप म्हणत होता तसंही चालतं."

"चिमणी आहे की आयती. भिंत कशाला फोडायची?"

"भिंती बांधायची हौस असणाऱ्यांनी एखादी फोडली तर काय बिघडलं?"

ह्यांनी पेपर उघडला. माझी सुनावणी संपली.

शेगडीबरोबर एक छापील पुस्तक आलं होतं. त्यातली चित्रं बघत मी एका पानावर थांबले. त्यात जुन्या चिमणीच्या आत एक चकचकीत स्टीलचा पाईप शेगडीपासून थेट वरच्या तोंडापर्यंत नेलेला होता आणि वर टोपी बसवलेली होती. शेजारी दुसरं चित्र होतं, त्यात अर्धवट पाईप चिमणीत नुसता सोडून दिलेला, आणि त्यावर मोठी तांबडी फुली.

"हे बघा," मी पुस्तक ह्यांच्या पेपरवर ठेवलं. "पाईप वरपर्यंत न्यायचा असतो म्हणे."

ह्यांनी बघितलं, कुलदीपनं बघितलं. मग दोघांनीही छताकडं बघितलं.

"वर टोपी बसवायची तर तो पत्रा काढावा लागेल साहेब," कुलदीप म्हणाला. "त्या बाजूच्या लोकांना एक शब्द विचारलात तर..."

"त्याच्या पत्र्याला मी हात लावणार नाही आणि विचारणार तर त्याहून नाही," हे म्हणाले.

"अहो, तोंड उघडून पाच शब्द बोलायचेत," मी म्हणाले. "दादा, पत्रा काढू का? हे तर चारच झाले."

"शालन!"

"मग काय करायचं साहेब?" कुलदीपनं विचारलं.

"तूच सांग. दोन हात पाईप वर सोडला, तर बाकीचं चिमणी नेणार नाही का वर? एवढी वर्षं नेतेच आहे."

"नेईल की!" कुलदीप लगेच म्हणाला. "ॲडजस्ट होईल. पंखा आहे ना शेगडीला, तो ढकलतोच जोरात."

एक भाऊ पत्रा काढायला सांगणार नव्हता, दुसरा न सांगता काढणार नव्हता आणि तिसरा, पैशाशी मतलब असलेला कुलदीप, सगळ्याला हो म्हणत होता. मी पुस्तक मिटलं. माझा जीव भलत्याच गोष्टीत अडकला होता. पाईप दोन हात असो की वीस हात, भोक तर बुजणारच होतं.

शेगडी बसवायच्या दिवशी सकाळी ह्यांची पाठ वळताच मी शेवटचा चिमटा वाजवला.

"आज ना?" अक्कांनी विचारलं.

"आज. दुपारी."

"मी नसणारच आहे तेव्हा. वाईला चाललेय, त्यांची खोकल्याची औषधं संपलीत. रात्र रात्र बसून काढतात गं. जेवण झालं की त्यांना झोपवून निघेन, चारच्या एसटीनं परत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "बरं झालं. मला ते हातोडीचे ठोके ऐकवले नसते."

"येत जा हो दारावरून तरी. रस्त्यात भेटू, मंडईत भेटू."

"भेटू की," अक्का म्हणाल्या. आम्हां दोघींनाही माहीत होतं, मंडईत दोघींचे नवरे पिशव्या घेऊन मागं असायचे.

दुपारी कुलदीपनं शेगडी बसवली. पाईप दोन हात वर सोडला, फायरप्लेसच्या गळ्यात पत्रा बसवला, फटीत लोकर कोंबली. ह्यांनी नारळ फोडला, शेगडीला हळदकुंकू लावायला मला बोलावलं. मी लावलं. सवतीला ओवाळतानासुद्धा बाईला एवढं जड जात नसेल.

बटण दाबलं. आत कांड्या खडखडत पडल्या. काचेमागं आधी पांढरा धूर भरला, पंखा घरघरू लागला, मग धूर वर ओढला गेला आणि पिवळी ज्योत उठली.

"बघितलंस?" हे माझ्याकडं वळले. चेहरा असा, जणू विस्तवाचा शोध आत्ताच आमच्या दिवाणखान्यात लागला होता. "आहे का कुठं धूर?"

खरंच नव्हता. आमच्या खोलीत धुराची एक रेषही नव्हती.

कुलदीप चहाची बशी तोंडाला लावणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकला आला. आधी एक ढास, मग लागोपाठ. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे आधीच मान तिरकी करून उभे होते, हातातला खोबऱ्याचा तुकडा तसाच राहिला होता.

खोकला थांबेना. मधेच कसली तरी वस्तू पडल्याचा आवाज झाला. आणि मग खोकलाच थांबला. ते जास्त वाईट होतं.

मला ती तांबडी फुली आठवली. आमच्या खोलीत धूर नव्हता, कारण आमचं भोक आम्ही बुजवलं होतं. वर अर्ध्या तोंडावर पत्रा, खाली पंख्याचा रेटा, आणि मधे उघडी जागा एकच होती, पलीकडची फायरप्लेस.

"अहो, धूर तिकडं जातोय! भावजी एकटेच आहेत हो घरात, अक्का वाईला गेल्यात!"

तोंडातून निघून गेलं. एवढ्या वर्षांचं गुपित असं एका दमात बाहेर पडलं. पण हे मला 'तुला कसं कळलं' असं विचारायला थांबलेच नाहीत.

"बंद कर!" हे ओरडले.

"केलं साहेब, केलं," कुलदीप बटणं दाबत होता, "पण पंखा चालूच राहतो, थंड होईपर्यंत. सेफ्टी आहे ती."

"कुणाची सेफ्टी?" म्हणत ह्यांनी शेगडीमागं हात घातला आणि तो तापलेला पाईप उघड्या हातानं धरून शेगडीतून उपसून काढला. चरचर आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. भसकन धूर आमच्या खोलीत आला. पलीकडं जाणारा सगळा धूर ह्यांनी आपल्या घरात घेतला होता. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी गळ्यातला पत्रा दोन्ही हातांनी ओढला, वाकवला, फेकून दिला आणि त्या काळ्या भोकात डोकं घातलं.

"दादा!"

त्या शब्दाला त्या घरात इतकी वर्षं बंदी होती, की मला क्षणभर वाटलं दुसरंच कुणी ओरडलं.

"दादा! अरे बोल की! दादा!"

उत्तर नाही. हे उठले आणि धावले. मधे दार नव्हतंच, दोघांनी मिळून बुजवलं होतं. त्यामुळं सख्ख्या भावापर्यंत पोचायला ह्यांना आपलं घर ओलांडून, आपल्या फाटकातून रस्त्यावर जाऊन, त्यांच्या फाटकातून आत शिरावं लागलं. बनियन, माकडटोपी आणि अनवाणी पाय. मी मागं, माझ्यामागं कुलदीप. 'फर्न'च्या फाटकाची कडी ह्यांना उघडेना, भाजलेला हात चालेना, तेव्हा हे सरळ फाटकावर चढून पलीकडं उतरले. साठीला आलेला माणूस!

भावजींची खाट अगदी फायरप्लेसच्या तोंडाशी लावलेली होती. आमच्या विस्तवानं मागच्या विटा कोमट राहायच्या, त्या उबेला ते झोपायचे. खोली धुरानं पांढरी झाली होती आणि भावजी खाटेवरून उतरताना अर्ध्या वाटेत जमिनीवर कलंडले होते. पाण्याचा तांब्या शेजारी लवंडला होता. ह्यांनी त्यांना काखेत धरून ओढत व्हरांड्यात आणलं, मी खिडक्या उघडल्या, कुलदीप पाणी आणायला धावला. त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच काही योग्य सुचलं.

हे भावाच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि नुसते "दादा, दादा" म्हणत होते. रडत होते म्हटलं तरी चालेल. आईंच्या दिवसाला न आलेलं पाणी तेव्हा आलं.

बऱ्याच वेळानं भावजींचा श्वास मार्गी लागला. त्यांनी डोळे उघडले, समोर भाऊ बघितला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं:

"झाडाचा सूड एवढ्या वर्षांनी घेतलास होय रे?"

"तुझ्या पत्र्यामुळं झालं हे!" हे डोळे पुसत म्हणाले.

"माझा पत्रा माझ्या वाटणीवर आहे."

"आणि धूर? तो वाटणी बघून येतो का?"

"धूर तुझा होता!"

मी कपाळावर हात मारला. माणूस मरणाच्या दारातून परत आला होता, आणि भांडण पुन्हा जिथल्या तिथं सुरू. पण बोलत होते. दोघंही एकमेकांशी बोलत होते. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

"आणि त्या डॉक्टरला सोड तू," हे म्हणाले. "दोन महिने औषध घेतोयस, ढास आहे तशीच आहे. पहाटे पहाटे तर जास्तच येते."

भावजी ह्यांच्याकडं बघत राहिले. "तुला कुणी सांगितलं पहाटेचं?"

हे नेहमीचा न ऐकल्याचा चेहरा करायला गेले, पण तो त्यांना जमेना.

"ऐकू येतं ना," शेवटी म्हणाले. "चिमणीतून. आमच्या लाकडाचा धूर तुझ्याकडं झिरपतो, मी रात्री विस्तव घातला की तू खोकतोस. विझवला की थांबतोस. म्हणून तर ही... म्हटलं हिला धूर नसतो."

मला ह्यांनी कुलदीपला पुन्हा पुन्हा विचारलेलं आठवलं. झीरो धूर, आत नाही, बाहेर नाही, आजूबाजूला नाही. शेजाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून होतं खरं, पण मी समजले होते तसं नव्हे.

तेवढ्यात फाटकातून अक्का आल्या, हातात औषधांची पिशवी. व्हरांड्यात दोन भाऊ शेजारी शेजारी बसलेले बघून पिशवी त्यांच्या हातातून पडली. मी उठून त्यांना धरलं आणि घडलं ते भराभर सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष माझ्यासारखंच दुसऱ्याच गोष्टीवर अडकलं.

"ऐकू येतं?" अक्कांनी सावकाश विचारलं. "म्हणजे नुसता खोकला... की सगळंच?"

दोघा भावांनी एकाच वेळी फरशीकडं बघितलं. त्या दोघांचं इतकं एकमत मी जन्मात बघितलं नव्हतं.

"पुरणपोळीचं आलं होतं ऐकू," भावजी पुटपुटले.

"तुम्ही झोपलेले असायचात ना?" मी ह्यांना विचारलं.

"डोक्यावर पेपर असला म्हणजे माणूस झोपलेलाच असतो असं नाही," हे म्हणाले. "तुम्ही दोघी बोलायच्यात, म्हणून तर दादाचं कळायचं. त्याला बीपी झालं ते, मग पडला ते. तुला सांगितलं असतं तर तू लाजून बंद केलं असतंस."

"आणि मी तुम्हाला ज्या शिव्या घालायचे त्या?"

"त्याही," हे म्हणाले. "त्या बऱ्याच होत्या."

पुढचं पटापट झालं. ह्यांच्या तळहाताला पट्टी बांधली, डाग मात्र कायमचा राहिला. आठवड्याभरात भावजी आवारात खुर्ची टाकून बसले आणि स्वतः ओरडून ओरडून पत्रा काढून घेतला. कुलदीपनं चित्रातल्यासारखा स्टीलचा पाईप थेट वरपर्यंत नेला, टोपी बसवली. पलीकडची फायरप्लेस विटांनी बुजवली, इकडचं भोक लोखंडी झाकणानं. भिंतीत दार पाडायचंही एकमतानं ठरलं. पण ते दार 'फर्न'मध्ये उघडणार की 'व्हिला'मध्ये, यावर पहिल्याच दिवशी वाजलं आणि भिंत होती तशी राहिली.

त्या थंडीपासून भावजी रोज संध्याकाळी दोन फाटकं ओलांडून आमच्याकडं शेकायला येऊ लागले. दोघं भाऊ शेगडीपुढं बसून झाडावरून भांडायचे. इतकी वर्षं न बोललेलं सगळं उरकून घ्यायचं होतं ना. अक्काही यायच्या, पण आम्हां दोघींना काही बोलताच यायचं नाही. नवऱ्यांविषयी बोलायचं, तर नवरे समोर! एकदा अक्का माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "शालन, ह्यांचं भांडण होतं तेच बरं होतं गं." आम्ही दोघी इतक्या हसलो की भावांनी भांडण थांबवून आमच्याकडं बघितलं.

काही थंड्या अशा गेल्या. मग भावजी गेले. झोपेतच गेले, दम न लागता, एवढं समाधान. अक्कांचे गुडघे तोवर पार गेले होते. फाटकापर्यंतचा उतार त्यांना झेपेना, आणि आमच्या बाजूला राहायला या म्हटलं तर म्हणायच्या, "ह्यांची खाट इथं आहे."

हे संध्याकाळी शेगडी पेटवायचे आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बसायचे. पेपर उघडायचेसुद्धा नाहीत. एक दिवस बाजारातून आले तर बरोबर कुलदीप. आता त्याचं पोट सुटलं होतं.

"शेगडी इथून काढ," हे त्याला म्हणाले. "जेवणाच्या खोलीत बसव. भिंतीला भोक पाड आणि पाईप खिडकीच्या बाजूनं बाहेर काढ."

मी दारात उभी होते. मी हे कुणाला कधी सुचवलं होतं, ते मी मुळीच बोलले नाही. गप्प राहणं मलाही थोडंफार यायला लागलं होतं.

"आणि चिमणीतला पाईप?" कुलदीपनं विचारलं.

"काढून टाक. खालचं झाकणही काढ. पलीकडं वहिनींच्या बाजूच्या विटा काढायला गवंडी येतोय."

"पण साहेब, मग चिमणीचा उपयोग काय?"

"तुला नाही कळायचं," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आवरली. हे डोक्यावर पेपर घेऊन कोचावर लवंडले. कोच त्यांनी सकाळीच ओढून फायरप्लेसला चिकटवून ठेवला होता. मी जाळीवर चिमटा दोनदा वाजवला. पलीकडून ठोका परत आला.

"शालन?" अक्कांचा आवाज आला. तो म्हातारा झाला होता, पण नळीतून तसाच आला. "आनंदभावजी काय करतायत गं?"

मी कोचाकडं बघितलं. पेपर डोक्यावर होता, एक कान मात्र काळजीपूर्वक बाहेर ठेवलेला होता, फायरप्लेसच्या बाजूचा.

"झोपलेत," मी म्हणाले. "तुम्ही जरा मोठ्यानं बोला."